मन घट्ट करायला मी सांगणार नाही

‘माझी मुलगी जीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. त्वचेच्या कर्करोगावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत तिला प्रकल्प मिळाला. तिथे उंदरांवर अतिनील किरण सोडतात आणि त्यांच्या पाठीवर येणाऱ्या गाठी मोजतात. दोन महिने झाले, घरी आली की गप्प असते, रात्री नीट झोपत नाही. परवा म्हणाली, मला हे जमणार नाही. लहानपणापासूनच हळवी आहे. इतक्या हळव्या माणसाचं विज्ञानात कसं व्हायचं? अशी संधी पुन्हा येणार नाही, शिवाय आम्ही सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलोय. तुम्ही तिला मन घट्ट करायला सांगा.’ – एक आई

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. संधीबद्दल त्यात आहे, नातेवाइकांबद्दल आहे, पण तिला नेमकं कशाचा त्रास होतोय याबद्दल एक शब्द नाही. तुम्ही विचारलंत का तिला? गाठी बघवत नाहीत, की शेवटी उंदीर मारावे लागतात ते सहन होत नाही, की तिथलं कुणी तिच्याशी नीट वागत नाही? ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. कदाचित चौथंच काही असेल. दोन महिने झोप न लागणं ही साधी गोष्ट नाही. करिअर बाजूला ठेवा आणि आधी तिला डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे घेऊन जा.

आणि नातेवाइकांना सांगून बसलात ही तुमची अडचण आहे, तिची नव्हे. त्या अडचणीचं ओझं मुलीच्या डोक्यावर देऊ नका. ‘जमणार नाही’ हे घरात बोलायला तिला दोन महिने लागले, यातच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

आता तुमचा तो प्रश्न, हळव्या माणसाचं विज्ञानात कसं व्हायचं. हा समज मला खोडून काढायचाच आहे. या प्रयोगांत बहुतेक वेळा केस नसलेले पांढरे उंदीर वापरतात. आठवड्यातून काही वेळा, महिनोनमहिने त्यांना दिव्याखाली ठेवतात. बऱ्याचदा मात्रा इतकी कमी असते की कातडी भाजत नाही, तरी काही महिन्यांनी पाठीवर बारीक चामखिळीसारख्या गाठी उठतात आणि त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. गाठ किती वाढली, तिथे व्रण पडला का, वजन घटलं का, यावरून त्या उंदराचा प्रयोग कधी थांबवायचा हे आधीच ठरलेलं असतं. ती वेळ कोण ओळखणार? ज्याला जनावराकडे बघवतं पण त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही, तो की जो रोज नीट निरखतो तो? एकमेकांना चावून झालेली जखम वेळेत दिसली नाही तर उंदराला त्रास होतोच, शिवाय नोंदीही बिघडतात. प्राण्यांना पर्याय शोधावा, त्यांची संख्या कमी करावी, त्रास कमी करावा ही तीन सूत्रं विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी 1959 साली मांडली, आणि आज नीती समित्या प्रयोगाला परवानगी देताना तीच तपासतात. हळवेपणाला या कामात रीतसर जागा आहे. मन घट्ट केलेली माणसं मला तिथे नकोशी वाटतात.

पण जागा आहे म्हणून तिने तिथे राहिलंच पाहिजे असंही नाही. इथून पुढचं तिच्यासाठी लिहिते, तिला वाचायला द्या.

बाळा, उंदरांमुळे काय कळलं हे आधी मान्य करू. अतिनील किरणांनी उंदरांच्या कातडीवर गाठी येतात हे फिंडले यांनी 1928 साली दाखवलं. 1970च्या दशकात मार्गारेट क्रिपकी यांच्या लक्षात आलं की अशी गाठ त्याच वाणाच्या निरोगी उंदरात लावली तर त्याचं शरीर ती बहुधा नाकारतं, पण आधी अतिनील किरण घेतलेल्या उंदरात ती वाढते. म्हणजे किरण पेशीतला डीएनए तर बिघडवतातच, वर शरीराचा पहारा, म्हणजे प्रतिकारशक्तीही, ढिली करतात. हे एकट्या पेशींच्या बशीत दिसलं नसतं. त्याला अख्खा जीव लागला. तू करतेस ते निरर्थक नाही, हे तुला कळायला हवं.

मात्र या विषयाचा दरवाजा एकच नाही. झेरोडर्मा पिग्मेंटोसम या आजारात थोड्याशा उन्हानेही लहान वयात त्वचेचे कर्करोग होतात. त्या रुग्णांच्या पेशी अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए दुरुस्त करू शकत नाहीत, हे जेम्स क्लीव्हर यांनी 1968 साली दाखवलं, तेही माणसांच्या त्वचेतून घेतलेल्या पेशींवर. पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या पी-53 या जनुकात अतिनील किरणांची ओळखीची खूण सापडली ती 1991 साली, माणसांच्याच गाठींमध्ये. ज्या प्रश्नाने तुला या प्रयोगशाळेत आणलं, तोच प्रश्न तू पेशी, ऊतींच्या काचपट्ट्या, रुग्णांच्या नोंदी किंवा जनुकांची माहिती घेऊन सोडवू शकतेस. भौतिकशास्त्र आवडत असेल तर किरणांची मात्रा मोजणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. दिवे जुने झाले की त्यांचा प्रकाश मंदावतो, मधल्या पिंजऱ्यावर जास्त पडतो, कडेच्यावर कमी, आणि हे कुणी मोजलं नाही तर सगळे आकडे फसतात.

पुढची वाट नेहमीचीच, पदव्युत्तर पदवी, प्रवेश परीक्षा, पीएचडी. त्यात प्रकल्प बदलल्याने काही बुडत नाही.

या आठवड्यात मार्गदर्शकांना भेट आणि सरळ सांग की प्राण्यांसोबतचं काम मला झेपत नाही, याच प्रकल्पात दुसरा भाग मिळेल का? प्रयोगशाळेच्या पशुवैद्यांशीही बोल. असे प्रश्न त्यांच्याकडे नवे नसतात. मार्गदर्शकांनी हे ऐकून तुला कमी लेखलं, तर पीएचडीसाठी ती जागा तुझी नाही, एवढं तरी आत्ताच कळेल.

ताई, त्या भेटीला तुम्ही जाऊ नका. आणि पुढचं पत्र लिहायचं झालं तर तिला लिहू द्या.