पाणी तापले की माशाच्या मादीच्या अंड्यांचे काय होते?

प्रश्न (भंडारा) : यंदा जूनच्या मध्यापर्यंत पाऊस नव्हता. पैदास तळ्याचे पाणी दुपारी ३४ अंशांवर जात होते. रोहू-मृगळच्या माद्यांची पोटे भरलेली दिसली म्हणून अंडी सोडवण्याचे इंजेक्शन दिले. बऱ्याच माद्यांनी अंडी सोडलीच नाहीत. ज्यांनी सोडली त्यांची अंडी पांढरी पडली. डोस वाढवूनही फरक पडला नाही. औषध बनावट असेल का?

उत्तर : औषधावर शंका घेण्याआधी तळ्याच्या तापमानाकडे बघा. ही सगळी लक्षणे तापलेल्या पाण्याची आहेत आणि नुकसान इंजेक्शनच्या रात्री झालेले नाही. ते काही आठवडे आधीच सुरू झाले असणार.

मादीच्या शरीरात दोन वेगळी कामे चालतात. पहिले काम अंड्यात बलक भरण्याचे. थंडी सरून पाणी उबदार होऊ लागले की मेंदूतून जीएनआरएच हे संप्रेरक पाझरते. त्यामुळे मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे दुसरे संप्रेरक सोडते, एफएसएचमुळे अंडाशयात टेस्टोस्टेरॉन तयार होते आणि अरोमाटेज नावाचे विकर त्याचे इस्ट्राडायॉल हे मादीचे संप्रेरक करते. इस्ट्राडायॉल रक्तातून यकृतात पोहोचले की तिथली व्हिटेलोजेनिनची जनुके कामाला लागतात. व्हिटेलोजेनिन म्हणजे बलकाचा कच्चा माल. तो रक्तातून परत अंडाशयात येतो आणि अंड्यात साठतो. फेब्रुवारी ते मे हे काम चालते, आणि माफक ऊब त्याला मदतच करते.

पाणी मर्यादेपलीकडे तापले की मात्र ही साखळी वरपासून सैल होते. मेंदूचा इशारा कमी होतो, अंडाशयातले अरोमाटेजचे जनुक मंदावते, इस्ट्राडायॉल घटते आणि यकृत बलक बनवणे आवरते घेते. टास्मानियात सामन माशाच्या माद्यांवर हे नीट तपासले गेले आहे. १४ अंशांतल्या माद्यांच्या तुलनेत २२ अंशांत ठेवलेल्या माद्यांच्या रक्तात इस्ट्राडायॉल आणि व्हिटेलोजेनिन दोन्ही कमी भरले, अंडी लहान निघाली आणि फलनही घसरले. सामन थंड पाण्याचा मासा. रोहू-मृगळची मर्यादा त्याच्या बरीच वर आहे, पण साखळी तीच. उष्णता टिकून राहिली की मादी भरलेली अंडी स्वतःच्याच शरीरात जिरवू लागते. बाहेरून पोट तेवढेच दिसते. आत जिरणारी अंडी, चरबी आणि पाणी असते.

दुसरे काम शेवटच्या काही तासांचे. पीयूषिकेतून एलएच या संप्रेरकाची लाट येते, अंडाशयात अंडे पक्व करणारे संप्रेरक बनते, अंड्याचे केंद्रक मध्यावरून कडेला सरकते आणि अंडे सुटते. रोहू-मृगळसारख्या कार्प माशांत मेंदूतले डोपामिन हे रसायन ही लाट अडवून धरते. तयार इंजेक्शनात जीएनआरएचचे कृत्रिम रूप आणि डोपामिनला रोखणारे डोम्पेरिडोन असते. म्हणजे इंजेक्शन फक्त हे दुसरे काम करते. पहिले काम अर्धवट राहिले असेल तर डोस दुप्पट केला तरी बलक कुठून येणार? उलट जादा डोसने अंडी आतच अडकतात किंवा अतिपक्व होतात, आणि गरम पाण्यात अतिपक्व व्हायला फार वेळ लागत नाही.

म्हणून पोट बघून निवड करू नका, अंडी बघा. मादीला ओल्या कापडात धरून २ मिमी जाडीची मऊ नळी जननछिद्रातून अलगद आत घाला आणि थोडी अंडी ओढून घ्या. अल्कोहोल ६ भाग, फॉर्मॅलिन ३ भाग आणि ग्लेशियल अॅसिटिक आम्ल १ भाग अशा द्रावणात ती टाका. काही मिनिटांत अंडी पारदर्शक होतात आणि केंद्रकाचा ठिपका भिंगातून दिसतो. निम्म्याहून जास्त अंड्यांत ठिपका कडेकडे सरकलेला असेल तर मादी तयार आहे. ठिपका मध्यावरच असेल तर आठ-दहा दिवस थांबा. अंडी लहानमोठी, गढूळ, एकमेकांना चिकटलेली निघाली तर ती जिरायला लागली आहेत. त्या मादीला या खेपेला वगळा. द्रावण हाताळताना हातमोजे घाला, फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना झोंबते.

तयार मादीला एकच इंजेक्शन पुरते : दर किलो वजनाला मृगळ ०.२५ ते ०.३ मिली, रोहू ०.३ ते ०.४ मिली, कटला ०.४ ते ०.५ मिली. नराला ०.१ ते ०.२ मिली. इंजेक्शन संध्याकाळी द्या, म्हणजे अंडी मध्यरात्रीनंतरच्या थंड वेळेत पडतील. प्रजनन कुंडाचे आणि उबवणी कुंडाचे पाणी २६ ते ३० अंशांत ठेवा. तळे थंड करून कुंड तापलेले राहिले तर फलित अंडीही जातात.

आता तळे. पाण्याची खोली दीड ते दोन मीटर हवी. उन्हाळ्यात पाणी मीटरभर उरले की सगळे तळे तापते. तापमान रोज सकाळी ६ आणि दुपारी ३ वाजता, पृष्ठभागाखाली एक फुटावर आणि तळाजवळ, असे दोन्ही ठिकाणी मोजून लिहून ठेवा. तळाचे पाणीही ३२ च्या वर राहू लागले की संध्याकाळी बोअरचे पाणी सोडा. त्यात प्राणवायू फार कमी असतो, म्हणून ते फवारून किंवा पायऱ्यांवरून पाडूनच तळ्यात घ्या. पृष्ठभागाच्या तिसऱ्या भागावर शेडनेट लावले तर माशांना सावलीला जाता येते. हेक्टरी दीड ते दोन हजार किलोपेक्षा जास्त प्रजनक मासे ठेवू नका. खाद्य सकाळी द्या आणि कडक उन्हाळ्यात मात्रा कमी करा. दुपारी जाळे मुळीच ओढू नका : ताणाने रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चढते आणि ते प्रजननाच्या संप्रेरकांना मारक ठरते.

प्रश्न (सांगली) : आमच्या माद्या एप्रिलमध्येच तयार दिसतात. पावसाची वाट बघावी का?

उत्तर : चाचणीत केंद्रक सरकलेले दिसले तर वाट बघू नका. वसंतातले वाढते तापमान पक्वता अलीकडे आणते. पश्चिम बंगालच्या बीज केंद्रांत मार्चमध्येच पैदास होऊ लागल्याचे केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने नोंदवले आहे. तयार मादी मेच्या उन्हात तशीच ठेवली तर जूनपर्यंत तिची अंडी जिरतात. लवकर तयार झालेल्या माद्या वेगळ्या तळ्यात काढा, कुंडाचे पाणी ३० अंशांच्या आत ठेवता येत असेल तर तेव्हाच मत्स्यजिरे (अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्ले) घ्या, आणि नंतर चांगले खाद्य देऊन पावसाळ्यात पुन्हा तपासा. मात्र एप्रिलच्या मत्स्यजिऱ्यांसाठी संगोपन तळ्यात पाणी आहे का, हे आधी बघा.

प्रश्न (पुणे) : पाणी गरम ठेवून तिलापियाची सगळी पिल्ले नर करता येतात, हे खरे का?

उत्तर : अर्धे खरे. नाईल तिलापियात अंडी फलित झाल्यावर साधारण दहाव्या दिवसापासून पुढचे दहा दिवस किंवा जास्त काळ पाणी ३६ अंशांच्या आसपास ठेवले तर अरोमाटेजचे जनुक दबते, इस्ट्राडायॉल बनत नाही आणि जन्माने मादी असलेल्या पिल्लांत वृषण तयार होतात. पण प्रमाण प्रत्येक जोडीच्या पिल्लांत वेगळे येते. काही जोड्यांची पिल्ले जवळजवळ दाद देत नाहीत, आणि मरतूक वाढते. शिवाय असा नर पुढे पैदाशीला वापरला तर त्याची संतती बहुतेक माद्याच निघते, कारण त्याची गुणसूत्रे मादीचीच असतात. व्यवसायासाठी परवानगी असलेल्या केंद्राचेच बीज घ्या. तिलापिया संवर्धनाला परवानगी लागते.

प्रश्न (नाशिक) : जानेवारीत सायप्रिनसला (कॉमन कार्प) इंजेक्शन दिल्यावर रात्रभर अंडी पडली नाहीत. पाणी १६ अंश होते.

उत्तर : सायप्रिनसला किमान १८ अंश हवेत, २२ ते २४ उत्तम. शेवटच्या इंजेक्शनपासून दर तासाचे तापमान मिळवत जा. बेरीज २४० ते २६० झाली की अंडी सुटतात. २४ अंशांत हे दहा-अकरा तासांत होते. १६ अंशांत ही बेरीज पंधरा-सोळा तासांत भरेल असे कागदावर दिसते, पण एवढ्या थंडीत पक्वतेची क्रियाच अडते. कुंडातले पाणी आधी उबदार करा, मगच इंजेक्शन द्या.