नातीने स्वतःला काय म्हणवावे?

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे राहतो. सून मेक्सिकन वंशाची असून तिचे घराणे अनेक पिढ्यांपासून तिथलेच आहे. स्पॅनिश तिला जेमतेम येते, तरी ती स्वतःला लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाची स्त्री) म्हणवते. तिची आजी 'आपण अस्सल स्पॅनिश' असे सांगत असे. नुकत्याच केलेल्या डीएनए चाचणीत मात्र जवळपास निम्मा वंश मेक्सिकोतील मूलनिवासींचा आणि थोडा आफ्रिकेचा निघाला, तर तिच्या सख्ख्या भावाचे आकडे आणखी निराळे आले. ती बेचैन आहे. आमच्या नातीने स्वतःला काय म्हणवावे? – एक आजी, पुणे

उत्तर : भावंडांचे आकडे वेगळे येणे स्वाभाविक आहे, कारण प्रत्येक अपत्याला आईवडिलांकडून निम्मा-निम्मा वारसा मिळतो, पण कोणता निम्मा ते ठरलेले नसते. सूनबाईंच्या आजींचे म्हणणे समजून घ्यायला मात्र थोडा इतिहास पाहावा लागेल. स्पेनच्या अमलाखालील मेक्सिकोत स्पॅनिश, मूलनिवासी आणि गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक तीन शतके एकमेकांत मिसळत गेले. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत मुलाच्या नावासोबत स्पॅनिश, मेस्तिसो (स्पॅनिश-मूलनिवासी मिश्र), मुलातो (स्पॅनिश-आफ्रिकी मिश्र), इंदियो (मूलनिवासी) अशी प्रतवारीही लिहिली जाई आणि ज्याला जमेल तो वरच्या प्रतीत नाव लावून घेई. पुढे टेक्सासमध्ये मेक्सिकन मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या, 1930 च्या जनगणनेत 'मेक्सिकन' हा स्वतंत्र वंश धरला गेला आणि त्याच दशकात मंदीचे निमित्त करून लाखो लोकांना, त्यांत अमेरिकेतच जन्मलेल्यांनाही, मेक्सिकोत धाडण्यात आले. अशा काळात 'आपण स्पॅनिश' म्हणण्यात बढाईपेक्षा बचाव अधिक असावा. सूनबाईंची भाषा सुटली, तीही बहुधा आळसाने नव्हे; शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे, हे लक्षात ठेवून अनेक आईबापांनी घरात इंग्रजीच ठेवली.

लॅटिना असणे प्रयोगशाळा ठरवत नाही. अमेरिकेच्या जनगणनेत ही ओळख ज्याची त्याने सांगायची असते. 2020 मध्ये सुमारे 6 कोटी 21 लाख लोकांनी ती सांगितली आणि त्यांत गोरे, काळे, मूलनिवासी असे सर्व होते. तोवर वंशाचा प्रश्न वेगळा विचारला जाई. 2024 मध्ये नियम बदलून दोन्ही प्रश्न एकत्र केले गेले, पण एकाहून अधिक पर्यायांवर खूण करण्याची मुभा आहेच. त्यामुळे सरकारी कागदावर नातीची अडचण होणार नाही.

अडचण होते ती माणसांत. कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल व्हॅलीत 1910 च्या दशकापासून शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली, कारण कायद्यामुळे भारतातून बायकामुले आणणे जवळजवळ अशक्य होते आणि गोऱ्या स्त्रियांशी विवाहाला तेथे बंदी होती. मुलांचा बाप्तिस्मा होई, घरात स्पॅनिश चाले, नावे मारिया किंवा रोडोल्फो आणि आडनाव सिंग. वडिलांचे पंजाबी मित्र या मुलांचे धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेले वडील) होत. लोक त्यांना 'मेक्सिकन हिंदू' म्हणत, मग बाप शीख असो वा मुसलमान! पण 1965 नंतर भारतातून नवी पंजाबी कुटुंबे आली, तेव्हा त्यांतील अनेकांनी या मुलांना आपले मानायला खळखळ केली. अर्धे रक्त पंजाबी असूनही जवळीक झाली नाही, कारण दार आतून बंद होते.

म्हणून मी प्रश्न उलटा करून तुमच्याकडे देतो. नात स्वतःला काय म्हणवते ते मोठेपणी तिचे ती पाहील. तिला दोन्ही घरांत सहज वावरता यावे, हे मात्र आज तुमच्या हाती आहे. पंधराव्या वर्षी तिची किन्सेआन्येरा (मुलगी पंधरा वर्षांची झाल्याचा समारंभ) होणार असेल, तर आजी-आजोबांनी त्या सोहळ्याला पाहुण्यासारखे जाऊ नये, घरचे म्हणून जावे. तिच्याशी मराठीत बोला आणि विहीणबाईंनी तिच्याशी स्पॅनिश बोलावे, असा आग्रहही धरा.

सूनबाईंना आणखी शोध घ्यायचा असेल, तर टक्केवारीपेक्षा कागद अधिक बोलतात. मेक्सिकोत नागरी जन्ममृत्यूनोंद 1859 च्या कायद्याने सुरू झाली. त्याआधीच्या नोंदी गावोगावच्या चर्चमध्ये असून त्यांतील पुष्कळशा आता ऑनलाइन पाहता येतात. तेथे माणूस वडिलांचे आणि आईचे अशी दोन्ही आडनावे लावतो, त्यामुळे आईकडचा वंशही सापडतो. त्यासाठी गावाचे नाव मात्र नेमके हवे, आणि ते विहीणबाईंनाच ठाऊक असण्याची शक्यता अधिक आहे.