कमेंट वाचायची कशी, मागायची कशी

प्रिय,

तुझा मेसेज वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण कमेंट येत नाहीत तर काय करायचं हे तू जे विचारलंयस ते फॅनफिक, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर आपल्या कथा, लिहिणारं जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी विचारतं आणि बहुतेकांना एकच उत्तर मिळतं, स्वतःसाठी लिही, बाकीच्यांकडे लक्ष देऊ नकोस. मला ते उत्तर कधीच पटलं नाही. फक्त स्वतःसाठीच लिहायचं असतं तर तू वहीत लिहून ठेवलं असतंस. तू पोस्ट केलंस, म्हणजे कुणीतरी वाचावं आणि वाचून काहीतरी बोलावं असं तुला वाटतं, आणि असं वाटण्यात कमीपणा कसला गं? एवढा मोठा भाग टाकला आणि चार दिवस कुणी काहीच बोललं नाही की वाईट वाटणारच, ते आधी मान्य करून टाक, मग पुढचं बोलू.

आपल्याकडे पैसे नाहीत. पात्रं दुसऱ्याची, जग दुसऱ्याचं, त्यामुळे आपण कथा विकत नाही, एओथ्रीवर, म्हणजे आपण कथा टाकतो त्या साइटवर, तर कथेखाली पैसे मागणंसुद्धा चालत नाही. मानधन नाही, संपादक नाही, छापील पुस्तकावर नाव नाही. मग हातात येतं काय, तर वाचणाऱ्याचा शब्द. आणि हे काही इंटरनेट आल्यावर सुरू झालेलं नाही. १९६७ मध्ये स्टार ट्रेक या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांनी स्पॉकॅनेलिया हे फॅन्झिन, म्हणजे चाहत्यांचं हौशी नियतकालिक, काढलं, तेव्हा हे अंक हौसेने छापून पोस्टाने जायचे, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून सायन्स फिक्शनच्या फॅन्झिनमध्ये रीत होती की अंक हवा असेल तर तुमचं स्वतःचं फॅन्झिन बदल्यात पाठवा, नाहीतर काही लिहून द्या, नाहीतर मागच्या अंकावर अभिप्रायाचं पत्र पाठवा. म्हणजे नीट वाचून लिहिलेलं पत्र हीच अंकाची किंमत धरली जायची! त्यामुळे कमेंटची वाट बघणारे लोक हावरट असतात असं तुला कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस, या सगळ्या व्यवहाराचा पायाच तो आहे.

आता आकड्यांबद्दल. तू लिहिलंयस की पहिल्या दोन भागांना भराभर कुडोज, म्हणजे आवडलं सांगायच्या बटणाचे क्लिक, आले आणि नंतर थांबले, म्हणजे लोकांना कथा आवडेनाशी झाली. असं नाहीये. एओथ्रीवर एका वाचकाला एका कथेला एकदाच कुडोज देता येतात, भागाभागाला वेगळे देता येत नाहीत. जिने पहिल्या भागावर ते बटण दाबलं ती सहाव्या भागापर्यंत जीव टाकून वाचत असली तरी तुझा आकडा एकने सुद्धा हलणार नाही. उलट हिट्स, म्हणजे कथा किती वेळा उघडली गेली तो आकडा, मात्र वाढत राहतात कारण तीच माणसं नवा भाग वाचायला परत येतात, आणि मग हिट्स आणि कुडोज शेजारी ठेवून भागाकार केलास की लांब कथा कायम नापास दिसते आणि वनशॉट, म्हणजे एकाच भागात संपणारी कथा, कायम पास. तुझ्या मैत्रिणीच्या वनशॉटशी स्वतःच्या लांब कथेची तुलना करतेयस ना, ती तुलनाच चुकीची आहे. आणि हेही बघ, नियमित वाचकाला दुसऱ्यांदा काही सांगायचं असेल तर तिच्याकडे कमेंट हा एकच रस्ता उरतो, म्हणून मी कमेंटला आकड्यांपेक्षा इतकं वर धरते. फॅन्डम, म्हणजे त्या मालिकेचा चाहतावर्ग, छोटं असेल, ज्या दोन पात्रांचं प्रेम आपण रंगवतो ती जोडी फारशी कुणाला माहीत नसेल, तर आकडे आणखीच फसवे. मोठ्या फॅन्डममधली साधीशी कथासुद्धा वाहत्या गर्दीत वाचली जाते आणि छोट्या फॅन्डममधली उत्तम कथा मोजक्या लोकांसमोर असते, त्यावरून लिखाणाची लायकी ठरवायची कशी?

पण मला खरं बोलायचंय ते कमेंटच्या आत काय असतं त्याबद्दल. आपण कमेंट आली की ती चांगली का वाईट एवढंच बघतो, शाळेतला पेपर हातात आल्यासारखं. अगं, कमेंट म्हणजे मार्क नाहीत. वाचताना वाचकाच्या मनात काय झालं याची ती बातमी असते, आणि ही बातमी तुला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही कारण तू तुझी कथा पहिल्यांदा वाचणारी कधीच होऊ शकत नाहीस.

तुला सहाव्या भागावर आलेली ती एकच कमेंट घे. तू मला ती फक्त एकच आली म्हणून पाठवलीस. मी मात्र ती चार वेळा वाचली. तिने लिहिलंय, तो काही न बोलता किल्ली टेबलावर ठेवून जातो तिथे मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले, आणि मग खाली लिहिलंय, पण त्याआधीचं भांडण मला पुन्हा वाचावं लागलं. बघ आता यात किती आहे. किल्लीचं वाक्य सात-आठ शब्दांचं आहे, त्यात ना अश्रू ना मोठा डायलॉग, आणि ते लागलं. म्हणजे तू जिथे कमी बोलतेस तिथे तुझी ताकद आहे. भांडण दीड पान आहे, दोघंही आपल्याला काय वाटतंय ते पूर्ण वाक्यात समजावून सांगतात, आणि तिथे ती अडखळली. तिने हे नाही सांगितलं की भांडण वाईट आहे किंवा ते कसं दुरुस्त करायचं, ते तिचं कामच नाही. तिने फक्त कुठे थांबली आणि कुठे मागे गेली ते सांगितलं. मी त्या भांडणात परत जाऊन पाहिलं तर मधे सलग पाच वाक्यांना कोण बोलतंय तेच कळत नाही, सगळं 'तो' आणि 'तो' आहे, दोघंही पुरुष, नाव एकदाही नाही. एवढंच आहे. दोन ठिकाणी नाव घाल, एका ठिकाणी त्याच्या हाताला काहीतरी करायला दे, झालं.

एका कमेंटमधून एवढं निघालं. पन्नास नुसत्या मस्त मस्तमधून निघालं नसतं. म्हणजे नुसतं मस्त लिहिणाऱ्याला कमी लेखू नकोस हं, त्याने वेळ काढून टाइप केलंय, ते प्रेमच आहे, फक्त त्यात शिकण्यासारखं कमी असतं इतकंच.

आणि फॅनफिक लिहिणाऱ्याला एक गोष्ट मिळते जी स्वतःची पात्रं निर्माण करणाऱ्या लेखकाला मिळत नाही, याचा विचार तू केलायस का माहीत नाही. आपला वाचक आपल्या पात्राला आधीपासून ओळखतो. कदाचित आपल्यापेक्षा जास्त. तो चिडला की आवाज चढवतो की गप्प होतो, कोणाला नावाने हाक मारतो आणि कोणाला नाही, हे त्याला पाठ आहे. त्यामुळे कुणी लिहिलं की हा असं बोलणार नाही, तर राग येऊ दे, पण ती कमेंट डिलीट करू नकोस. माझा अनुभव असा की अशा कमेंटमध्ये वाचकाला खटकलेली जागा बरोबर असते, पण कारण बहुतेक वेळा भलतीकडेच असतं. तो असं बोलू शकतो, सगळे बोलू शकतात, फक्त तो तिथपर्यंत कसा पोचला ते आपण कागदावर दाखवलेलं नसतं, ते आपल्या डोक्यात राहून गेलेलं असतं. म्हणून ते वाक्य बदलायला धावू नकोस, आधी दोन-तीन सीन मागे जाऊन बघ.

याउलट काही कमेंट नुसतं लेबल लावतात. तुझ्या नव्या नायिकेला कुणीतरी मेरी सू म्हणालं, हो ना? हे नाव १९७३ मध्ये पॉला स्मिथने लिहिलेल्या एका छोट्याशा विडंबनातून आलं, स्टार ट्रेकच्याच फॅनफिकमधल्या अती परफेक्ट मुलींवर होतं ते, आणि तेव्हापासून आजपर्यंत कर्तबगार मुलगी दिसली की लोक तोच शिक्का मारतात. शिक्क्यातून तुला काहीच कळत नाही. ती कुठे खोटी वाटली, कोणती अडचण फार सहज सुटली, हे सांगितलं असेल तर ऐक, नुसता शिक्का असेल तर सोडून दे.

आणि घाण कमेंट, शिव्या, तू लिहिणं बंद कर वगैरे, तो अभिप्रायच नाही, त्यावर वाद घालत बसू नकोस. एओथ्रीवर तुला कमेंट आधी तपासून मगच दिसू द्यायची सोय आहे, लॉगिन न केलेल्यांच्या कमेंट बंद करता येतात, माणूस ब्लॉक करता येतो. ते सगळं वापर, त्यात भित्रेपणा नाही. आणखी एक सावधगिरी, हल्ली काही कमेंट खूप गोड असतात, तुमच्या लिखाणातून चित्रं डोळ्यासमोर उभी राहतात, मला यावर कॉमिक काढायचंय, डिस्कॉर्डवर बोलूया का, पण कथेतल्या एकाही प्रसंगाचा किंवा पात्राचा उल्लेख नसतो. पुढे ते पैसे मागतात. खऱ्या वाचकाच्या कमेंटमध्ये कथेतलं काहीतरी असतंच असतं.

आता मागायचं कसं. भागाच्या शेवटी तू लिहितेस, प्लीज कमेंट करा. त्याने होतं काय की वाचकाला वाटतं आता मी काहीतरी हुशार लिहायला हवं, आणि सुचत नाही म्हणून तो टॅब बंद करतो. गप्प बसणाऱ्यांपैकी पुष्कळ जण असे असतात, त्यांना कथा आवडलेली असते पण शब्द सापडत नाहीत, किंवा भाषेची भीती वाटते, किंवा वाटतं की कथा जुनी झाली, आता लिहिलं तर विचित्र दिसेल. त्यांचं काम सोपं कर. एकच प्रश्न विचार, आणि उत्तर एका ओळीत देता येईल असा. तो खरं बोलतोय असं तुम्हाला वाटलं का? कोणत्या ठिकाणी तुम्हाला संशय आला? तुला खरंच जे जाणून घ्यायचंय तेच विचार, उगाच नको. टीका चालणार असेल तर तसंही स्पष्ट लिही, कारण आपल्याकडे न मागता चुका काढणं बरेच जण उद्धटपणा समजतात आणि त्यामुळे समजूतदार वाचक तोंड बंदच ठेवतात. पण ती एक गोष्ट करू नकोस, इतक्या कमेंट आल्याशिवाय पुढचा भाग टाकणार नाही वाली. मला ते अजिबात आवडत नाही. त्याने कमेंट येतात पण त्या पुढच्या भागासाठी भरलेल्या असतात, आणि जो वाचक मनापासून लिहिणार होता त्याचंही मन उडतं.

पुढचा भाग कधी, एवढंच लिहिणाऱ्यांवर तू वैतागलीयस ते कळतं, मला त्यात उतावळेपणापेक्षा भूक जास्त दिसते. पण रोज तेच विचारत असतील तर अपडेट कधी येईल ते नोटमध्ये टाकून मोकळी हो, प्रत्येकाला उत्तर देत बसायची गरज नाही.

ज्यांनी नीट लिहिलंय त्यांना मात्र उत्तर दे. लांबलचक नको, त्यांनी जो मुद्दा काढला त्याला धरून दोन ओळी. आणि कथेचा बचाव करू नकोस, मी असं का लिहिलं ते समजावू नकोस, विशेषतः चालू कथेत, कारण जे तू उत्तरात समजावशील ते कथेत यायचं राहून जाईल. वाचकांच्या अंदाजांबद्दलही हेच. शेवट कुणी ओळखला म्हणून तो बदलायचा नसतो, ओळखला म्हणजे तू पेरलेलं उगवलं.

आणि तू स्वतः किती लिहितेस दुसऱ्यांना? रागावून नाही विचारत, मनापासून विचारतेय. आपल्या फॅन्डममध्ये तीन-चार वर्षं जुन्या कितीतरी सुंदर कथा पडून आहेत, लिहिणारी अजूनही इनबॉक्स बघत असते, आणि जुन्या कथेवर आलेल्या कमेंटचा आनंद नव्या कथेवरच्यापेक्षा कमी तर नसतोच. वाचताना एखादं वाक्य आवडलं की कॉपी करून ठेव, शेवटी ते पेस्ट कर आणि खाली एवढंच लिही की इथे मला काय झालं. बस. कौतुकाची विशेषणं शोधू नकोस. असं थोडे दिवस केलंस तर तुझं स्वतःचं वाचणंही बदलेल, तुला कळायला लागेल की दुसऱ्याच्या लिखाणात आपण नेमके कुठे रेंगाळतो, आणि लिहिताना ते आपोआप हाताशी येतं.

राहिला बीटा रीडरचा प्रश्न. हो, हवाच. वाचकाची कमेंट पोस्ट केल्यावर येते, बीटा आधी वाचतो, आणि त्याच्याकडून तू दुरुस्त्या, प्रश्न, खाडाखोड सगळं हक्काने मागू शकतेस जे साध्या वाचकाकडून मागणं बरोबर नाही. फक्त ज्याने मूळ मालिका पाहिलेली आहे आणि ज्याला तुझी जोडी मान्य आहे असा शोध, नाहीतर प्रत्येक पानावर तोच वाद होईल. सातवा भाग अजून कच्चा आहे म्हणालीस ना, तो तसाच मला पाठव, भांडणाचा सीन दुरुस्त केला असशील तर तोही. रविवारपर्यंत वाचून ठेवते.

तुझी,
ताई