पेपर तयार आहे, फक्त फॉरमॅटिंग राहिलंय

मी समुपदेशक. दिवाळी सरली की माझ्याकडे येणाऱ्यांत पीएच.डी. करणाऱ्यांची भर पडते. परिषदांचे दिवस जवळ येतात, पूर्ण पेपर पाठवायच्या तारखा डोक्यावर असतात. गाऱ्हाणं बहुतेकांचं एकच. ‘मॅडम, पेपर तयार आहे, फक्त फॉरमॅटिंग राहिलंय. पण ते संपतच नाही. रात्र-रात्र बसतो आणि सकाळी बघावं तर फाईल होती तिथंच. मी आळशी आहे का? का हे माझ्या आवाक्यातलंच नाही?’

उत्तर म्हणून एका मुलाची हकिकत सांगते. त्याची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

संग्राम तिशी ओलांडलेला. मेकॅनिकल इंजिनिअर. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, पीएच.डी. दुसऱ्या संस्थेत चालू. करवीर तालुक्यातलं गाव, घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. संशोधनाचा विषयही घरचाच, गूळ. काहिलीतला पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या आपल्या अंदाजानं ठरवतो. त्याच क्षणी तापमापक काय दाखवतो, ते ताडून बघायचं. दोन हंगाम पोरगं काहिलीत थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, सोडून नोंदी घेत चुलवाणाशेजारी उभं होतं. परिषदेनं सारांश स्वीकारला आणि पूर्ण पेपर आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेनं ठरवून दिलेल्या साच्यात, सहा पानांत मागितला. तिथं गाडं अडलं.

भेटीची वेळ त्याच्या बायकोनं घेतली होती. फोनवर म्हणाली, ‘ताई, हे पहाटे तीनपर्यंत लॅपटॉपसमोर असतात. काय करताय विचारलं की म्हणतात, समास नीट करतोय.’

तो आला तोच लॅपटॉप घेऊन. म्हटलं, बरं झालं, काल रात्री काय-काय केलंस ते दाखव. त्यानं दाखवलं. दोन रकान्यांचं पान. एक आलेख डाव्या रकान्यातून उडून पुढच्या पानावर गेलेला. तो मागं आणला की तक्ता फुटायचा, तक्ता सांधला की शीर्षकाखाली बोटभर रिकामी जागा पडायची. यात दीड-दोन तास. मग संदर्भांचे आकडे. आयईईईच्या पद्धतीत मजकुरात जो संदर्भ आधी येतो त्याला १, पुढच्याला २, असे चौकटी कंसात आकडे द्यायचे असतात. यानं ते सगळे हातानं टाकलेले. काल चौथ्या जागी एक नवा संदर्भ घुसवला, त्यामुळं खालचे सगळे एकेकानं सरकवत बसला. ते संपता-संपता तीन वाजले.

‘आता हे सगळं मिटव,’ मी म्हटलं, ‘आणि मला एका वाक्यात सांग, दोन हंगामांत तुला सापडलं काय?’

त्यानं सुरुवात केली थर्मोकपलच्या जातीपासून. मग ते कसं पडताळून घेतलं, रस आटत गेला की त्याचा उत्कलनबिंदू का चढतो, चुना किती, भेंडीचं पाणी कधी. सगळं सुरेख सांगितलं. वाक्य काही आलं नाही. सारांश वाचायला घेतला, तर त्यात ‘अभ्यास करण्याचा प्रयत्न केला आहे’. निष्कर्षात ‘पुढील संशोधनास वाव आहे’. पेपर इंग्रजीत होता, पण अर्थ हाच. सहा पानांत कुठंही त्याला सापडलेली गोष्ट नव्हती.

म्हणजे पेपर तयार नव्हता. दुर्दैवानं ‘फक्त फॉरमॅटिंग राहिलंय’ म्हणणाऱ्या पुष्कळांच्या बाबतीत मी हेच बघते.

पेपरच्या सगळ्या कामात फॉरमॅटिंग हाच असा भाग आहे, की ज्याचं बरोबर उत्तर छापून मिळतं. शीर्षक २४ पॉइंट, मजकूर १० पॉइंट, टाइम्स न्यू रोमन. तक्त्याचं नाव तक्त्याच्या वर, आकृतीचं नाव आकृतीच्या खाली. केलं की झालं, जिवाला गार वाटतं. ‘मला हे सापडलं’ असं लिहिण्यात तो थंडावा नाही. ते वाक्य खोडलं जाईल, कुणी हसेल, गाईड भुवया उंचावतील. मग मन जिथं चटकन समाधान मिळतं तिकडं वळतं, आणि दर वेळी वळलं की भीती तेवढ्यापुरती उतरते, म्हणून दुसऱ्या रात्री पुन्हा तिकडंच वळतं. ही टाळाटाळच आहे. फक्त घाम गाळून केलेली असल्यामुळं घरच्यांना ती कष्ट वाटते आणि करणाऱ्यालाही. आळशी माणूस दहाला घोरत असतो हो, तीनपर्यंत समास मोजत बसत नाही.

भीती नक्की कशाची, हे दुसऱ्या भेटीत बाहेर आलं.

‘मॅडम, मला जे सापडलंय ते आमच्या आबांना आधीपासनं माहीत आहे. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटानं गोळी करून बघतो आणि म्हणतो, उतरा. मी काटा बघायचो, तर ११८ अंशांच्या आसपास. मुरलेला गुळव्या असला की जवळजवळ दर वेळी. नवखा असला की उशीर करतो, पाक जास्त तापतो, गूळ काळपट येतो. एवढं सांगायला मी एवढा शिकलो व्हय? समोर आयआयटीतनं आलेला कुणी बसला असला तर हसंल की.’

एवढ्या बोलण्यात त्याचा सगळा पेपर येऊन गेला होता, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. मी ते जसंच्या तसं कागदावर उतरवून त्याच्यापुढं सरकवलं.

आणखी एक काटा होता. पहिल्या पानावर नावाखाली काय लिहायचं? तासिका तत्त्वावरच्या माणसानं ‘असिस्टंट प्रोफेसर’ लिहिलं आणि कॉलेजातल्या कायम मंडळींनी बघितलं तर? नुसतं ‘संशोधक विद्यार्थी’ लिहावं, तर ज्यांना शिकवतो ती पोरं काय म्हणतील? कितीतरी रात्री तो त्या चार ओळी खोडत-लिहीत होता. मी म्हटलं, साचा उघड. उघडला. नाव, विभाग, संस्था, शहर आणि देश, ईमेल किंवा ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक. हुद्द्याची ओळच नाही! त्यानं दोनदा वर-खाली करून बघितलं आणि मोठ्यानं हसला. शिकवतो एकीकडं आणि संशोधन दुसरीकडं, तर संस्था कुठली लिहायची हा प्रश्न उरलाच; पण ज्या संस्थेत ते काम झालं तिचं नाव द्यायचं आणि गाईडना विचारून घ्यायचं, एवढं सरळ होतं ते.

त्याचं संशोधन किती मोलाचं हे मी त्याला सांगितलं नाही. मला गुळातलं कळत नाही आणि समुपदेशकाच्या कौतुकावर कुणी व्यासपीठावर उभं राहू शकत नाही. मी गृहपाठ दिला: ते वाक्य तिघांना वाचून दाखवायचं. आबांना, गाईडना आणि वर्गातल्या एखाद्या पोराला. आधी माफी मागायची नाही, ‘किरकोळ आहे, पण’ अशी सुरुवात करायची नाही.

आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग नवीन पोरानं गोळी न करता काटा बघून उतरवलं तर गूळ तसाच येईल का?’

संग्रामकडं याचं उत्तर नव्हतं, आणि गाईडनीही तोवर हे विचारलं नव्हतं. पेपरच्या चर्चेच्या भागात तो प्रश्न गेला, आणि ‘पुढील संशोधनास वाव’ म्हणजे नक्की कशाला वाव, तेही ठरलं.

मग लिहायचा क्रम उलटा केला. साधी फाईल, एक रकाना, सजावट शून्य. आधी आलेख आणि तक्ते. प्रत्येकाखाली तो काय सांगतो याचं एक वाक्य. त्यातून निष्पत्ती, मग पद्धत, मग प्रस्तावना, सारांश सगळ्यात शेवटी. साच्याला हात मुदतीआधी फक्त दोन दिवस लावायचा, तोही गजर लावून. गजर झाला की लॅपटॉप बायकोच्या ताब्यात. ही अट तिचीच, मला फार आवडली.

संशोधकांसोबत बसून-बसून मलाही आता काही गोष्टी कळायला लागल्यात, त्या सांगून टाकते. जुन्या फाईलमधला मजकूर साच्यात नेताना ‘फक्त मजकूर’ हा पर्याय निवडून पेस्ट करा, नाहीतर जुने फॉन्ट आणि अंतरं सोबत येतात आणि रात्र खातात. संदर्भ झोटेरोसारख्या मोफत साधनात ठेवले, तर मधे एक घुसवला तरी आकडे आपोआप सरकतात. आलेख काळ्या-पांढऱ्यात छापून बघा. लाल आणि हिरवी रेघ सारखीच दिसत असेल तर एक तुटक करा. परीक्षण निनावी असेल तर नाव पहिल्या पानावरून काढणं पुरत नाही, वर्ड फाईलच्या गुणधर्मांतही ते बसलेलं असतं. संग्रामनं तेही काढलं, पण शेवटी ‘माझ्या वडिलांच्या गुऱ्हाळावर प्रयोग करू दिल्याबद्दल’ असे आभार राहिले होते! ते अंतिम प्रतीसाठी राखून ठेवले. कोल्हापुरात सायबर चौकात, विद्यापीठाच्या आसपास पैसे घेऊन पेपर साच्यात बसवून देणारे मिळतात. नुसतं बसवून घ्यायला माझी हरकत नाही, मजकूर मात्र आपला हवा.

सगळ्यात अवघड पायरी वेगळीच होती. मी त्याला पेपर कच्चा असतानाच गाईडना पाठवायला लावला, तोही एक आकृती मुद्दाम वाकडी ठेवून. पाठवल्यावर रात्रभर त्याला झोप नाही. दुसऱ्या दिवशी सरांचं उत्तर आलं: उसाची जात लिही, किती काहिलींच्या नोंदी ते स्पष्ट कर, नवखा कुणाला म्हणायचं ते सांग. वाकड्या आकृतीबद्दल अवाक्षर नाही.

या मुलांच्या डोक्यावरची दोन ओझी ऐकीव माहितीची असतात. ‘परिषदेत पेपर नाही वाचला तर प्रबंध घेत नाहीत’ हे पहिलं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६ च्या नियमांत शोधपत्रिकेत एक पेपर आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती; नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत ती सक्ती काढली. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, म्हणून ती आपल्या विभागात जाऊन विचारायची, कट्ट्यावर नाही. दुसरं साम्याच्या टक्केवारीचं, म्हणजे आपला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो त्याचं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत. शून्य टक्के आणायला धडपडणारी, चांगली वाक्यं मोडून वेडीवाकडी करणारी मुलं मी बघितलीत.

व्हॉट्सॲपवर ‘२४ तासांत स्वीकृती, फी भरा’ असे निरोप येतात, त्यांच्या नादी लागू नका. घाबरलेला माणूस त्यांचं पहिलं गिऱ्हाईक.

झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त काळ उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर हा पेपरचा प्रश्न उरत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कुठल्याही वेळी मराठीतून बोलायचं. संग्रामवर ती वेळ आली नव्हती, पण दोघांनाही हे मी पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं.

पेपर मुदतीच्या आदल्या दिवशी गेला. परीक्षकांनी नोंदींची संख्या कमी असल्याचं लिहिलं, ते खरंच होतं. मांडणीबद्दल एकच शेरा होता, आलेखातली अक्षरं बारीक आहेत. दोन्ही दुरुस्त्या करून पेपर स्वीकारला गेला. सादरीकरणानंतर एकानं विचारलं, ११८ हा आकडा पावसाळी हवेतही तसाच राहतो का? ‘मोजलेलं नाही, गुऱ्हाळ तेव्हा बंद असतं,’ संग्रामनं सांगितलं. हॉल हसला, आणि तोही.

सध्या त्याच कामाचा मोठा पेपर शोधपत्रिकेसाठी लिहिणं चाललंय. पहिलं नाव कुणाचं, त्याचं की गाईडचं, यावर गाडं अडलंय. हे साच्यातून सुटणारं नाही, त्यासाठी पुढच्या गुरुवारी दोघं नवरा-बायको येतायत.