‘काका नक्की बरे होतील’ असं सांगितलं होतं

समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींकडून एक काळजी मी पुन्हा पुन्हा ऐकते. शेजारच्या वहिनी, ऑफिसातला मित्र, हिंदू घरात दिलेली बहीण, कोणीतरी जिव्हाळ्याचं माणूस असतं. त्याच्याशी आपल्या विश्वासाबद्दल स्पष्ट बोललं तर ते तुटेल, आणि गप्प बसलं तर आपल्याला प्रभूची लाज वाटते असं होईल. ‘ताई, खरं बोलायचं की समोरच्याचं मन सांभाळायचं?’ असा सरळ प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा तराजू असतो. एका पारड्यात सत्य, दुसऱ्यात माया, आणि एक वाढवलं की दुसरं कमी करावं लागणार.

मला हा तराजूच मान्य नाही. का, ते एका सिस्टरांच्या, म्हणजे परिचारिकेच्या, अनुभवावरून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सिस्टर चाळिशीच्या, माहेर नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात नोकरी. तिथेच बिलिंगच्या काउंटरवर असणारी एक मैत्रीण, वारकरी घरातली. दोघींचे डबे कित्येक वर्षं एकत्र उघडायचे. मैत्रिणीच्या वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, तोही यकृतापर्यंत पसरलेला. ते त्याच रुग्णालयात दाखल झाले, सिस्टरांच्याच मजल्यावर.

सिस्टरांनी रिपोर्ट पाहिले होते. त्यांचा अर्थ काय, हे घरच्यांच्या आधी त्यांना कळलं होतं. तरीही एका संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये मैत्रिणीचा हात धरून त्या म्हणाल्या, ‘तू आणि काका प्रभूवर विश्वास ठेवा. काका नक्की बरे होतील.’ मैत्रीण बुडत्याला काडी मिळावी तशी ‘हो’ म्हणाली. सिस्टर रोज ड्यूटी संपल्यावर काकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागल्या. काका हळूहळू खालावत गेले. शेवटच्या आठवड्यात सिस्टरांनी मैत्रिणीला व्हॉट्सअॅपवर मोठा मेसेज पाठवला. त्यात वचनं होती, आणि शेवटी ‘अजून वेळ गेलेली नाही, त्यांच्या आत्म्याचा विचार कर’ असं लिहिलं होतं. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. काका गेले.

तेराव्याला सिस्टर गेल्या नाहीत. प्रसादाचं, पिंडाचं काही पुढे आलं तर काय करायचं, या धास्तीने. महिन्याभराने मैत्रिणीने त्यांना लिफ्टजवळ गाठलं आणि विचारलं, ‘तुझ्या हिशोबाने माझे बाबा आता नरकात आहेत का?’

सिस्टर गडबडल्या. ‘नाही गं, असं काही नसतं. सगळे देव एकच. नावं वेगळी,’ असं बोलून गेल्या. मैत्रीण काही न बोलता निघून गेली. त्या रात्रीपासून सिस्टरांची झोप उडाली. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘ताई, मी पेत्रासारखं प्रभूला नाकारलं का?’ पेत्र हा येशूचा शिष्य, त्याने भीतीपोटी ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं होतं.

मी तो प्रश्न लगेच हाती घेतला नाही. अपराधीपणाने पोखरलेल्या माणसाला आधी घडलेलं सगळं क्रमाने सांगू द्यावं लागतं. सिस्टर लिफ्टजवळच्या त्या एका वाक्यावर अडकल्या होत्या. कॉरिडॉरमधल्या वाक्याबद्दल मात्र त्यांच्या मनात काही टोचत नव्हतं, उलट ती आपण धैर्याने दिलेली साक्ष होती असं त्या मानत होत्या. माझ्या मते गाठ तिथेच होती.

दुसऱ्या भेटीत मी त्यांच्यापुढे तीन कोरे कागद ठेवले. एकावर ‘मला ठाऊक आहे’, दुसऱ्यावर ‘माझा विश्वास आहे’, तिसऱ्यावर ‘मला आशा आहे’. मैत्रिणीशी बोललेलं आणि तिला लिहिलेलं प्रत्येक वाक्य यांपैकी एका कागदावर उतरवा, म्हटलं. ‘येशू माझा तारणारा आहे’ हे चटकन दुसऱ्या कागदावर गेलं. ‘प्रभू प्रार्थना ऐकतो’ हेही. ‘काका नक्की बरे होतील’ या वाक्याशी पेन थांबलं. थोड्या वेळाने त्यांनी ते तिसऱ्या कागदावर लिहिलं आणि स्वतःच ‘नक्की’वर काट मारली.

मी विचारलं, ‘सिस्टर, हे वचन प्रभूने दिलं होतं का?’

पवित्र शास्त्र त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारी व्यथा, निघावी म्हणून तीनदा विनंती केली, ती निघाली नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल सांगतो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात मागे ठेवलं. प्रेषिताच्या सोबतीला असलेला विश्वासू माणूस, तोही आजारीच राहिला. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी ‘पाप कोणाचं?’ असं विचारलं तेव्हा येशूने तो हिशोबच नाकारला. प्रभू बरं करतो यावर माझाही विश्वास आहे, तसं घडताना मी पाहिलं आहे. पण अमक्या माणसाला, अमक्या वेळी, विश्वास ठेवण्याच्या बदल्यात नक्की बरं करतो, अशी हमी शास्त्रात कुठेही नाही. म्हणजे ज्या वाक्याला सिस्टर धैर्याचं सत्य समजत होत्या, ते सत्य नव्हतंच. आणि वडील गेल्यावर त्या हमीचा उरलेला अर्थ मैत्रिणीने एकटीने पचवला होता: आमचा विश्वास कमी पडला म्हणून बाबा गेले.

लिफ्टजवळचं वाक्य दयेपोटी आलं होतं, यात शंका नाही. पण तीही पुरती माया नव्हती. मैत्रीण रडून सांत्वन मागायला आली नव्हती, ती उत्तर मागायला आली होती. तिला सिस्टरांचं खरं मत हवं होतं, आणि मिळालं ते तिला तिथून लवकर वाटेला लावणारं वाक्य. तिने ते ओळखलं. इतकी वर्षं सोबत जेवलेल्या माणसाला ते ओळखता येतं.

सत्य आणि माया एकमेकांच्या आड येताना दिसली, की दोन्हींतलं खरं कोणतं आणि बनावट कोणतं हे मी आधी पाहते. बहुतेक वेळा एक तरी बनावट निघतं. इथे दोन्ही निघाली. श्रीमंत तरुणाची गोष्ट मार्काने लिहिली आहे, तिथे येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली असं आधी येतं, आणि मग त्याला सर्वांत जड जाणारी गोष्ट सांगितली असं येतं. तरुण खिन्न होऊन निघून गेला. येशूने त्याला थांबवण्यासाठी अट सैल केली नाही, आणि धमकावण्यासाठी मागे माणूसही धाडला नाही.

रुग्णालयाची बाब मी वेगळी काढून बोलले, कारण आमच्या मंडळीत अनेक बहिणी परिचारिका आहेत. पलंगावरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. सलाईन लावणाऱ्या हाताला तो ‘नको’ म्हणत नाही, कारण उद्याही तोच हात येणार असतो. गणवेशात असताना रुग्णाने स्वतःहून मागितल्याशिवाय त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करू नये, असं माझं ठाम मत आहे, मग मनातली कळकळ कितीही खरी असो. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने आपल्याला धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा तो हक्क नव्हे. पण मला कायद्याहून मोठी वाटते ती साधी गोष्ट: ज्याला नकार देण्याची मोकळीक नाही, त्याच्या होकाराला विश्वास म्हणता येत नाही. सिस्टरांनी विचारलं, ‘काकांना माझी प्रार्थना आवडायची, तेही खोटं का?’ नाही, तसं मुळीच नाही. आवडतही असेल. आपण कधी विचारलं नाही, एवढंच.

तेराव्याबद्दलही लिहिते, कारण हा प्रश्न घरोघरी आहे. जावं, असं मी सांगते. माणूस गेलेल्या घरी जाऊन बसणं याला आपल्याकडे फार अर्थ आहे, आणि न येणाऱ्याची नोंद लोक आयुष्यभर ठेवतात. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचं काय, यावर पौलाने करिंथकरांना सविस्तर लिहिलं आहे, तिथे प्रत्येकाने आपली विवेकबुद्धी तपासावी. ज्याला एखादा विधी करवत नाही त्याने आदल्या दिवशी घरातल्या जवळच्या माणसाला हळूच सांगावं, ‘मी येईन, मदत करीन, एवढं मात्र मला जमणार नाही.’ आपली माणसं हे समजून घेतात. न सांगता गैरहजर राहणं त्यांना समजत नाही.

एक अडसर उरला होता. काका माळकरी, वर्षानुवर्षं वारी चालत गेलेले, व्यसन नाही, कोणाचा पैसा बुडवला नाही. त्यांच्या भक्तीबद्दल चांगलं बोललं तर आपला विश्वास पातळ होईल अशी सिस्टरांना भीती होती. त्यांना मी त्यांच्याच नगरच्या रेव्हरंड टिळकांची आठवण दिली. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक उघडपणे म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुकोबांना त्यांनी कधी कमी लेखलं नाही, आणि ख्रिस्ताबद्दल बोलताना आवाजही खाली आणला नाही. त्यांच्या घरातली गोष्ट तर याहून अवघड. त्यांच्या बाप्तिस्म्याने पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा विरह आला, आणि तो किती जिव्हारी लागला ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पण एकत्र आल्यावरही त्या आपलं सोवळं सांभाळून होत्या, आणि पुढे ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने. त्याच टिळकांची पदं आपण रविवारी गातो.

मग आम्ही मैत्रिणीशी काय बोलायचं त्याची तयारी केली. मी मैत्रीण झाले, सिस्टर सिस्टरच राहिल्या. पहिल्या खेपेला त्यांनी इतकी स्पष्टीकरणं दिली की माफी कुठे हरवली ते कळेना. ‘माझा हेतू चांगला होता’ हे वाक्य मी काढायला लावलं. ते खरं होतं, पण त्याने ओझं पुन्हा मैत्रिणीच्याच डोक्यावर जात होतं. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ यातला ‘तर’ही गेला. आधी तिची परवानगी मागायची आणि ती नको म्हणाली तर परत यायचं, हेही ठरलं.

सिस्टर मैत्रिणीच्या घरी गेल्या. जे बोलल्या ते त्यांनी मला नंतर सांगितलं, साधारण असं:

‘काका बरे होतील असं मी सांगितलं, ते मला ठाऊक नव्हतं. मी रिपोर्ट पाहिले होते. तसं सांगायचा मला अधिकार नव्हता. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून काका गेले, असं मुळीच नाही. मला माफ कर. आणि तू लिफ्टजवळ विचारलंस तेव्हा मी सगळं एकच म्हणाले, तेही माझ्या मनातलं नव्हतं. मी मानते की तारण येशूमध्येच आहे. पण काकांचा न्याय माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे आहे तो माझ्यापेक्षा दयाळू आहे आणि तो कोणावर अन्याय करत नाही, हे मी मनापासून मानते.’

मैत्रीण म्हणाली, ‘म्हणजे तू नाही म्हणत नाहीस.’

‘नाही म्हणत नाही. हो म्हणायलाही मी कोण?’

मैत्रीण रडली, आणि रागावलीही. त्या मेसेजबद्दल जे साठलं होतं ते तिने ऐकवलं. हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून, बाबांचा श्वास मोजत असताना तो मेसेज तिने वाचला होता. सिस्टरांनी मध्ये काही बोलायचं नाही हे आम्ही ठरवलं होतं, आणि त्या बोलल्या नाहीत.

डबे लगेच एकत्र उघडले नाहीत. पुढच्या भेटीत सिस्टरांनी मला विचारलं, ‘ती कधीच प्रभूकडे आली नाही तर?’ हा प्रश्न पोटातून येतो, त्याला थातुरमातुर उत्तर देऊ नये. मी म्हटलं, तर तुम्हाला दुःख होईल, आणि ते व्हायला हवं, कारण तुम्ही जे मानता ते खरंच मानता. पण मैत्री त्या अटीवर धरली तर ती अट तिला आजच कळेल. विहिरीवर भेटलेल्या शमरोनी, म्हणजे परक्या समाजातल्या, बाईशी बोलताना येशूने आधी तिच्याकडे पाणी मागितलं होतं, तिच्याकडून काही घेण्याची त्याची तयारी होती. सिस्टरांनी विचार करून सांगितलं की इतक्या वर्षांत काकांनी वारीबद्दल किती सांगितलं असतं, पण आपण कधी विचारलंच नाही.

आता त्या विचारतात. मैत्रीण बाबांच्या आठवणी सांगते, कधी अभंग म्हणून दाखवते, कधी सिस्टरांना उलट प्रश्न करते: वधस्तंभच का, देवाने मुलाला मरू कसं दिलं. सिस्टर जमेल तेवढं सांगतात, आणि जे समजलेलं नाही ते समजलेलं नाही म्हणतात. मध्यंतरी मैत्रिणीच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्या सकाळी तिनेच फोन करून प्रार्थना करायला सांगितलं, आणि बजावलं, ‘नक्की वगैरे काही म्हणू नकोस.’ सिस्टरांनी फोनवरच, तिला ऐकू जाईल अशी, चार ओळींची प्रार्थना केली.

बाप्तिस्म्याचा विषय दोघींत निघालेला नाही. सिस्टर तिच्या तारणासाठी रोज प्रार्थना करतात आणि हे मैत्रिणीला माहीत आहे. त्यांनीच तिला सांगितलं आहे.