अकरावीत गणित सोडायचं का?

प्रश्न: माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिच्या मामाला मज्जारज्जूत गाठ आहे. अल्ट्रासाउंडने मज्जारज्जूत औषध पोचवता येतं, असं तिने कुठेतरी वाचलं आणि आता 'मला हेच करायचंय' म्हणून हटून बसली आहे. क्लासवाले म्हणतात, गणित सोडा, फक्त 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेची तयारी करा. काय करू?
— एक आई, सांगली

उत्तर: ताई, गणित अजिबात सोडू देऊ नका. मुलीने जे हेरलंय, ते जेवढं डॉक्टरांचं काम आहे तेवढंच फिजिक्सवाल्यांचं.

मज्जारज्जूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की शिरेतून दिलेली बहुतेक औषधं आत झिरपतच नाहीत. म्हणून इथे वेगळी युक्ती करतात. शिरेतून काही मायक्रॉनचे वायूचे बुडबुडे सोडायचे आणि बाहेरून अल्ट्रासाउंड, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी, नेमक्या जागी एकवटायच्या. तिथले बुडबुडे फुगतात-आक्रसतात, रक्तवाहिनीची भिंत हलते, काही तासांपुरत्या फटी पडतात आणि औषध आत जातं. 2001 साली कुलेर्वो हिनिनेन या संशोधकाच्या गटाने सशांच्या मेंदूत हे करून दाखवलं. पुढे मेंदूसाठी माणसांवरही चाचण्या झाल्या.

मज्जारज्जू मात्र जास्त अवघड. मणक्यांचा आकार वेडावाकडा, त्यामुळे लहरी भरकटतात. शिवाय मणक्यांच्या पोकळीत चहूबाजूंनी हाड. त्यावर आपटून परतलेली लहर येणाऱ्या लहरीत मिसळली, की स्थिर तरंग (पुढे न सरकता जागच्या जागी हलणाऱ्या लहरी) तयार होतात आणि भलत्याच ठिकाणी दाब वाढून इजा होऊ शकते. कॅनडात टोरांटोच्या सनीब्रुक संशोधन संस्थेत मेघन ओ'रायली या संशोधिकेचा गट याच प्रश्नामागे आहे. लहरी दोन बाजूंनी आणून एकमेकींना छेदायच्या, अगदी छोट्या स्पंदांत (पल्स) सोडायच्या आणि त्यांची कला (फेज) सतत बदलत ठेवायची, म्हणजे स्थिर तरंग टिकत नाहीत. बारावीच्या फिजिक्समधला 'सुपरपोझिशन ऑफ वेव्हज' हा धडा इथे थेट कामाला येतो!

तेव्हा पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायॉलॉजी, चारही ठेवा. अभ्यास वाढेल, पण नीट आणि सीईटी-जेईई दोन्हींची दारं उघडी राहतील. पुढे बायोमेडिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनीअरिंग, नाहीतर फिजिक्समध्ये बीएस्सी आणि एमएस्सी. मग एम.टेक.च्या प्रवेशासाठीची 'गेट' परीक्षा. त्यात 2020 पासून बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा वेगळा पेपर आहे. एम.टेक., पीएचडीसाठी आयआयटी मुंबईचा बायोसायन्सेस अँड बायोइंजिनीअरिंग विभाग आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनल संस्था आताच नजरेत ठेवा. एमबीबीएस करूनही इकडे येता येतं, पण तंत्र घडवायची ओढ असेल तर मला इंजिनीअरिंगची वाट सरळ वाटते.

एक गोष्ट तिला जवळ बसवून सांगा. मज्जारज्जूसाठीचं हे काम अजून प्रायोगिक आहे, बरंचसं उंदरांसारख्या प्राण्यांवर झालेलं. मामांचे उपचार त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू द्या. मामा बरे होणं हे तिच्या अभ्यासावर अवलंबून आहे, असं ओझं त्या पोरीच्या डोक्यावर नको.

कॉलेजच्या लॅबमध्ये रेझोनन्स ट्यूब आणि सोनोमीटरचे प्रयोग येतील, तेही याच स्थिर तरंगांचे. ते तिने नुसते जर्नल भरण्यापुरते न करता स्वतःच्या हाताने करावेत. त्यात रमली तर मला पुन्हा लिहा, मग कॉलेजांचं बोलू.