वेगळ्या ताटाचा प्रश्न

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे. वरोऱ्याकडच्या एका खेड्यातून सासू-सून माझ्याकडे आल्या होत्या. सुनेला कुष्ठरोग असल्याचे दोन दिवसांपूर्वीच निष्पन्न झाले होते आणि तिच्या कडेवर आठ महिन्यांचे मूल होते. बसायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "इचं ताट अलग केलं म्या. आता लेकराले आंगावर पाजू द्याव का नाई, थे सांगा."

निदान झालेल्या बहुतेक घरांतून हाच प्रश्न येतो. मी उत्तर देण्याआधी सुनेला त्रास केव्हापासून आहे ते विचारले. दोन हंगामांपूर्वी दंडावर फिकट चट्टा उमटला होता. तो खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून गजकर्णाचे मलम लावत राहिली. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडांची टोके बोटे ओरबाडतात, हे या भागात कोणाला सांगायला नको. पण हिच्या डाव्या करंगळीतून रक्त आल्याचे हिला पांढऱ्या कापसावर डाग दिसल्यावरच कळायचे. कोपरामागची नस रोगाने धरली होती. डॉक्टरांनी केलेली चाचणी मी सासूबाईंसमोर पुन्हा केली. डोळे मिटलेल्या सुनेला चट्ट्याबाहेर कापसाचा स्पर्श झाला की ती नेमके तिथे बोट ठेवी. चट्ट्यावर झाला तेव्हा मात्र तिचा हात जागचा हलला नाही.

मग मी सासूबाईंना सांगितले, की हा रोग जंतूंमुळे होतो, पापामुळे नाही; उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाका-तोंडातून उडणाऱ्या तुषारांवाटे, तोही दीर्घकाळच्या निकट सहवासात तो पसरतो, आणि बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची शक्ती मुळातच असते. म्हणजे भीती बाळगायचीच तर ती मलम लावण्यात गेलेल्या त्या दोन हंगामांची. औषध सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता झपाट्याने मावळते. नेमके त्याच दिवशी घरोघरी ताट वेगळे होते, याचे मला दरवेळी नवल वाटते. आईने बाळाला अवश्य पाजावे. औषधामुळे बाळाच्या कातडीचा रंग किंचित गडद झाला तरी तो पुढे निवळतो.

"मंग आनंदवनातल्या लोकायची बोटं काहून झडली?" हा त्यांचा पुढचा प्रश्न रास्तच होता. बाबा आमटे यांनी १९४९ साली आनंदवन चालवणारी महारोगी सेवा समिती स्थापन केली, तेव्हा आजचा बहुविध औषधोपचार, म्हणजे अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत, नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने या उपचाराची शिफारस केली ती १९८१ साली. शिवाय बोटे आपोआप झडत नाहीत. बधिर हाताला तव्याचा चटका कळत नाही, जखम चिघळत जाते आणि हाड झिजते.

एव्हाना चट्टे पाचांहून अधिक झाल्याने सुनेला बारा महिने गोळ्या घ्यायच्या होत्या, त्याही मोफत. लघवी लालसर होईल, पण घाबरू नये. चट्टे अचानक लाल होऊन सुजले किंवा नस ठणकू लागली, तर मात्र गोळ्या बंद न करता लगेच यावे, हे मी दोनदा बजावले. हाताचा बधिरपणा जुना असल्याने तो पूर्ण जाईल असे वचन मी दिले नाही. घरातल्या सर्वांची तपासणीही ठरवली.

तिसऱ्या महिन्याचे पाकीट न्यायला सून एकटीच आली. ताट एकत्र झाले होते, पाण्याचा गडवा अजून वेगळा होता. पुढच्या खेपेला सासूबाईंना सोबत आणायला मी तिला सांगितले आहे.